टर्बो की साधे इंजिन? रस्ता पाहून ठरवा, पाटी पाहून नव्हे

सोलापुरातील आपल्या समाजाचा मोटारीशी दोन बाजूंनी संबंध येतो. एक बाजू व्यापाऱ्याची. चादर-टॉवेलचे नमुने घेऊन तो पुणे, हैदराबाद, विजापूर अशा फेऱ्या मारतो. दुसरी बाजू मिस्त्रीची. त्याच फेऱ्यांनी थकलेली गाडी त्याच्या गॅरेजमध्ये येते. आज या दोघांपुढेही एकच प्रश्न उभा आहे. व्यापाऱ्याच्या घरात तो असा विचारला जातो : "अब्बा, घ्यायचीच तर टर्बो घेऊ या!" मिस्त्रीला तो गिऱ्हाईक विचारते : "टर्बो घेऊ की साधी घेऊ? तुम्ही सांगाल ती घेतो."

खरीखुरी स्पोर्ट्स कार घेणारे आपल्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. पण तिचा शौक मात्र 'स्पोर्टी' म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींच्या वाटेने घराघरांत शिरला आहे. मागच्या दारावर 'टर्बो', 'टीएसआय', 'जीटी' अशी अक्षरे असली की गाडीची किंमत वाढते आणि गल्लीतील पोरे वळून पाहतात. ही अक्षरे काय देतात, काय मागतात आणि आपल्या धंद्याला त्यांची गरज आहे काय, याचा हिशेब मात्र फार थोडे लोक करतात. तो करावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फरक कशात आहे?

इंजिनाची ताकद ते किती हवा पोटात घेते यावर ठरते. जितकी हवा, तितकेच पेट्रोल जाळता येते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जी पोकळी होते तेवढ्यावरच हवा ओढते. म्हणजे स्वतःच्या दमावर चालते. टर्बो इंजिनात सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरवतात. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. परिणामी लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते.

कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९६२ साली अमेरिकेत प्रवासी मोटारींत टर्बो आला. आपल्या ट्रकवाल्यांना तर तो मोटारवाल्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. टाटाच्या १६१३ ट्रकवरील 'टीसी' ही अक्षरे टर्बोचीच. तेव्हा टर्बो म्हणजे काहीतरी नाजूक, परदेशी खेळणे, हा समज प्रथम डोक्यातून काढून टाकावा. मालाने भरलेले ट्रक घाट चढतात ते टर्बोच्याच जोरावर.

डिझेल गाड्यांत तर आता निवडच उरलेली नाही. पुण्याजवळ पिंपरीला तयार झालेली इंडिका १९९८ साली आली तेव्हा तिचे १.४ लिटरचे डिझेल इंजिन साधे होते. पुढे त्याच गाडीला टर्बो बसला. त्या काळी टॅक्सीवाल्यांना साधी इंडिका पसंत असे, कारण ती रस्त्यात बंद पडली तर कुठलाही मिस्त्री उघडून जोडू शकत असे. आज नवी डिझेल मोटार घ्यायची म्हणजे टर्बोच घ्यायची. प्रश्न उरतो तो पेट्रोल गाडीचा.

एकच गाडी, दोन इंजिने

हा प्रश्न समजून घ्यायला आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पुरेसे आहे. पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात फोक्सवॅगन कंपनीने पोलो ही छोटी मोटार २००९-१० पासून २०२२ पर्यंत बनवली. २०१३ साली तिची 'जीटी टीएसआय' ही १.२ लिटरची १०५ अश्वशक्तीची टर्बो आवृत्ती आली आणि तरुणांनी तिला गरिबाची स्पोर्ट्स कार करून टाकले. २०२० नंतर तर कंपनीने ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन दोन रूपांत विकले. साध्या 'एमपीआय' इंजिनाची ताकद ७६ अश्वशक्ती. टर्बो 'टीएसआय'ची ११०. ओढण्याचा जोर, ज्याला मिस्त्री लोक टॉर्क म्हणतात, साध्यात ९५ न्यूटन-मीटर आणि टर्बोत १७५.

या दुसऱ्या आकड्याकडे लक्ष द्यावे. अश्वशक्ती दीडपटीहून कमी वाढली. ओढ मात्र जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय टर्बोची पूर्ण ओढ १७५० फेऱ्यांपासूनच मिळू लागते. चार माणसे आणि डिकीत नमुन्यांच्या पेट्या घेऊन पुढच्या ट्रकला ओलांडायचे असेल तर साध्या गाडीत एक-दोन गिअर खाली यावे लागते. टर्बोत नुसता पाय दाबला की काम होते.

ही गाडी आता नवी मिळत नाही. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची दोन्ही रूपे फिरतात आणि आपल्या बांधवांच्या खरेदीत जुन्या गाडीचा वाटा मोठा असतो. शिवाय मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या नव्या छोट्या गाड्यांतही साधे की टर्बो हीच निवड समोर येते. म्हणून पोलोवरून शिकलेला धडा इतरत्रही उपयोगी पडतो.

कंपन्यांनी लहान इंजिनाला टर्बो जोडण्याचा सपाटा का लावला, याचे एक कारण करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरहून लहान आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या मोटारींना कमी कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. इंजिन मोठे करावे तर कर चढतो. मग १२०० च्या आत राहून टर्बोने ताकद वाढवायची, हा हिशेब. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला शौक समजते, त्यात कायद्याची सोयही दडलेली आहे.

सोलापूरचा रस्ता काय सांगतो?

आता आपल्या शहराकडे वळू. विजापूर वेशीत संध्याकाळी गाडी घालून पाहावी. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक. पुन्हा पहिला गिअर. इथे ११० अश्वशक्तीला काही काम नाही. उलट टर्बोचा पंखा पुरता वेग घेण्याआधीच पाय ब्रेकवर जातो. अशा चालीत टर्बो गाडी साध्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल पिते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. जुन्या जीटी टीएसआयमध्ये कोरड्या क्लचची सात गिअरची स्वयंचलित पेटी होती. अशी पेटी रांगत्या गर्दीत तापते आणि तिची दुरुस्ती खिशाला जड जाते, हेही ध्यानात ठेवावे.

पुण्याचा रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटर, चौपदरी आणि जवळजवळ सपाट. सपाट रस्त्यावर छोटी मोटार ताशी शंभरच्या वेगाने नुसती चालती ठेवायला साधारण २० ते २५ अश्वशक्ती पुरते, तीही एसी धरून. ७६ अश्वशक्तीची गाडी हे काम आरामात करते. म्हणून 'हायवेला टर्बोच पाहिजे' हे सरसकट म्हणणे बरोबर नाही. टर्बोचा खरा उपयोग चढावर, भरल्या गाडीत आणि दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना होतो. ज्या व्यापाऱ्याचा माल आंबा घाटाने रत्नागिरीकडे जातो, ज्याला महिन्यातून चार वेळा माणसे आणि माल घेऊन घाट चढावा लागतो, त्याला टर्बोचा पैसा वसूल होईल. त्या रस्त्यावर झटपट ओव्हरटेक ही चैन नव्हे; समोरून येणाऱ्या एसटीपुढून वेळेत बाजूला होण्याची ती सोय आहे.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार करावा. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की हवा विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. त्यात आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. तिथे आणखी ५ टक्के जातात. साध्या इंजिनाची ताकद या हिशेबाने दहा टक्क्यांनी कमी पडते, म्हणजे ७६ ची जवळपास ६८ उरते. टर्बो उंचीची तूट भरून काढतो. परंतु उन्हाची तूट त्यालाही पूर्ण चुकत नाही. दाबलेली हवा आधीच गरम. तिला थंड करणारा इंटरकूलर धूळ आणि किडे यांनी भरलेला असेल, तर इंजिनाचा संगणक स्वतःच ताकद कमी करतो. म्हणून आपल्याकडे टर्बो गाडीची जाळी आणि इंटरकूलर साफ ठेवणे हे शोरूमवर सोडण्याचे काम नाही.

पेट्रोलची गोष्टही बदलली आहे. आपल्या जिल्ह्याच्या उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळते. २०२५ पासून देशभर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विकले जाते. इथेनॉलमुळे नॉकिंग कमी होते आणि दाबाच्या टर्बो इंजिनाला ते मानवते. पण त्यात उष्णता कमी, त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. शिवाय एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. जुनी गाडी, मग ती टर्बो असो वा साधी, घेतल्यावर पेट्रोलच्या नळ्या आणि सील एकदा मिस्त्रीकडून पाहून घ्यावेत.

दीड लाखाचा हिशेब

समजा, दोन गाड्या सारख्याच वर्षाच्या, सारख्याच चाललेल्या आहेत आणि टर्बोसाठी दीड लाख जास्त मागतात. समजा, तुमची गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर आणि तीही शहरातच चालते. गर्दीत साधीने लिटरला १२ आणि टर्बोने १० दिले, तर वर्षाला सुमारे १३३ लिटर पेट्रोल जास्त जाळले जाईल. म्हणजे चौदा हजारांच्या आसपास रुपये गेले. त्यात टर्बोला लागणारे महाग सिंथेटिक तेल धरा. टर्बो बदलण्याची वेळ आली तर तो खर्च पाच आकडी असतो, तोही धरा. हे सारे कशासाठी? वेशीतल्या गर्दीत रांगण्यासाठी!

आता दुसरा व्यापारी घ्या. तो वर्षाला ३०,००० किलोमीटर चालवतो, बहुतेक महामार्गावर आणि घाटात. पाय हलका ठेवला तर तिथे दोन्ही गाड्यांचे अ‍ॅव्हरेज जवळपास सारखेच राहते. चढावर आणि ओझ्याखाली साधीला खालच्या गिअरमध्ये ताणावे लागते, टर्बोला नाही. दिवसभराच्या प्रवासानंतर चालवणाऱ्याला थकवा कमी येतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे असते, तेव्हा या थकव्याचीही किंमत असते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो, अश्वशक्तीवर नाही. तेव्हा दोन्ही ९९९ सीसीच्या गाड्यांना तो सारखाच. या माणसाने टर्बो घेतली तर ती उधळपट्टी म्हणता येणार नाही.

म्हणजे टर्बो चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. गाडी कुठे आणि किती चालणार, हा खरा प्रश्न आहे. आपल्या दीनने इसराफला मनाई केली आहे, सोयीला नाही. दोहोंतील रेषा शोरूममधला विक्रेता आखून देणार नाही. ती आपल्या वहीवरून आपणच आखायची. त्यातही जादा दीड लाख व्याजाच्या हप्त्याने उभे करायचे असतील, तर दुकानातील सुताला, मालाला लागणारे भांडवल गाडीच्या शेपटीवरील तीन अक्षरांसाठी अडकवतो आहोत काय, हे स्वतःला विचारावे. व्याज टाळणारा बांधव आपल्या ऐपतीत बसणारी साधी गाडी रोखीने घेतो, तेव्हा त्याला कोणी कंजूष म्हणू नये.

घरातील तरुणांविषयी एक शब्द. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते जागीच गेले. ती गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. ती टर्बो नव्हती, विजेवरची होती. पण मुद्दा इंजिनाचा नाही. नुसता पाय दाबताच धावणारी ताकद ज्याच्या हातात द्यायची, त्याचे वय, परवाना आणि स्वभाव पाहणे ही बापाची जबाबदारी आहे. हट्टापायी दिलेली गाडी दुसऱ्याच्या घरचा दिवा विझवू शकते.

जुनी टर्बो घेताना

सर्व विचार करून टर्बोच घ्यायची ठरली, तर चार गोष्टी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पहिली, तेल बदलल्याची बिले. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्या फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल जळके, तर टर्बो गेला. बिले नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी. घेतल्यावर तेल दहा हजार किलोमीटरच्या आतच बदलावे.

दुसरी, गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. निळा धूर, शिट्टीसारखा वाढता आवाज, इंटरकूलरच्या नळीत साचलेले तेल ही टर्बो थकल्याची चिन्हे आहेत.

तिसरी, 'रीमॅप' केली आहे काय ते विचारावे आणि स्कॅनर लावून खात्री करावी. पोलो टीएसआयसारख्या गाड्यांचे संगणक बदलून ताकद वाढवण्याचा शौक तरुणांत आहे. अशा गाडीने आपले आयुष्य आधीच खर्च केलेले असते.

चौथी, जोरात पळवून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायची सवय घरातल्या प्रत्येक चालकाला लावावी. म्हणजे तापलेल्या टर्बोतील तेल जळत नाही.

अल्लाहवर भरवसा ठेवा, पण आधी उंट बांधा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. जुन्या गाडीच्या सौद्यात उंट बांधणे म्हणजे बिले पाहणे आणि ओळखीचा मिस्त्री सोबत नेणे. त्या मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पैसेही द्यावेत. चहावर भागवू नये.

मिस्त्री बांधवांना

आता गॅरेजविषयी, आणि माझ्या मते हीच यातील सर्वांत महत्त्वाची बाजू आहे. व्यापाऱ्याने टर्बो घ्यावी की नाही याला पर्याय आहे. मिस्त्रीला पर्याय नाही. जगाचा ओघ पाहा. जर्मनीच्या पोर्श कंपनीची ९११ ही स्पोर्ट्स कार पाच दशके साध्या इंजिनासाठी नावाजलेली होती. १९७५ पासून तिची टर्बो ही वेगळी, महाग आवृत्ती असे. २०१५ साली कंपनीने नेहमीच्या ९११ कॅरेरालाही टर्बो बसवला. साधे इंजिन राहिले ते जीटी३ सारख्या खास शौकिनांच्या गाडीत, जिथे ते ९,००० फेऱ्यांपर्यंत गाते. आपल्याकडेही चाकणहून आज निघणाऱ्या व्हर्टस आणि टायगुन या फोक्सवॅगनच्या गाड्या केवळ टर्बोवर चालतात. आज शोरूममध्ये विकलेली टर्बो वॉरंटी संपली की चार-पाच वर्षांनी कोणाच्या दारात येईल? आपल्याच.

आपल्या मिस्त्री लोकांचा हात कसलेला आहे. कान लावून टॅपेटचा आवाज ओळखणारे कारागीर आपल्यात आहेत. परंतु बंद पडलेला टर्बो नुसता बदलून देणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो का गेला हे शोधले पाहिजे. तेल पोचवणारी नळी काजळीने चोंदली असेल आणि ती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला, तर काही दिवसांत तोही जाईल. मग गिऱ्हाईकाचे पैसे बुडतील आणि गॅरेजचे नाव. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टीएसआयसारख्या इंजिनांत व्हॉल्व्हवर काजळी धरते. ती कशी काढावी हे शिकावे लागते. स्कॅनरवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. हवेचा दाब किती मागितला आणि किती मिळाला, हे पडद्यावर दिसत असताना अंदाजाने पाना चालवण्यात अर्थ नाही.

यासाठी प्रत्येकाने मोठे कर्ज काढण्याची गरज नाही. एका भागातील तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून चांगला स्कॅनर घ्यावा, खर्च आणि वापर वाटून घ्यावा. आयटीआय शिकलेला एखादा पोरगा हाताशी ठेवावा. त्याने पडदा वाचावा, उस्तादाने हात चालवावा. ट्रकचे टर्बो उघडून कोअर बदलणाऱ्या कारागिरांकडे तरुण मिस्त्रींनी महिनाभर बसावे. विद्या एकच आहे, माप लहान झाले एवढेच. हे आज केले नाही तर टर्बो गाड्यांचे काम पुण्याकडे जाईल आणि आपल्या हाती फक्त पंक्चर आणि ऑइल बदलणे उरेल.

व्यापाऱ्यांनीही इथे हात द्यावा. गाडी कोणतीही घ्या, वॉरंटी संपल्यावर तिचे काम शिकू पाहणाऱ्या आपल्या शहरातील मिस्त्रीला द्या, पावती मागा आणि त्याला वाजवी मजुरी मोजा. पावती मागणारे गिऱ्हाईक असले की काम आपोआप सुधारते.

थोडक्यात सांगायचे तर, शहरात आणि सपाट रस्त्यावर फिरणाऱ्या दुकानदाराने साधे इंजिन घ्यावे आणि वाचलेला पैसा धंद्यात घालावा. घाटातून, ओझ्यासह, वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याने बिलांसहित टर्बो घ्यावी आणि तेलात कंजुषी करू नये. मिस्त्रीने मात्र टर्बो शिकावीच. गाडीवरची अक्षरे काही वर्षांत पुसट होतात. हाताला आलेला हुन्नर मात्र पोराबाळांच्या कामी येतो, आणि बरकत असते ती त्यातच.